विहीर म्हणावी की नदी?

कोयनेला तांबडं पाणी आलं की काठावरच्या काही विहिरीही चार दिवसांत गढुळतात. कागदोपत्री ते भूजल. प्रत्यक्षात वाळूतून, काळ्या कातळाच्या भेगांतून आत आलेली नदीच. थर जाड असला तर पाणी गाळून येतं. भेग मोकळी असली तर नदीतले जंतू थेट विहिरीत. ओळखायचं कसं? पावसाळाभर नदीचं आणि विहिरीचं तापमान, गढूळपणा वहीत शेजारी शेजारी लिहायचा. दोन्हींकडचे आकडे बरोबरीने हलू लागले, की त्या पाण्याला नदीचेच उपचार.

बाहेरचं पाणी विहिरीत शिरलं की काय होतं? कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे 2000 मध्ये जोराचा पाऊस झाला. शेणखताचं पाणी उथळ विहिरीत झिरपलं, क्लोरिन अपुरं पडलं. सात माणसं दगावली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली.

आपल्याकडे टीसीएल, म्हणजे क्लोरिनची पावडर टाकायची, क्लोरिन तपासायच्या ओटी टेस्टला पिवळा रंग आला की सुटलो. बहुतेक जिवाणूंना ते पुरतं. क्रिप्टोस्पोरिडियम हा 4 ते 6 मायक्रॉनचा परजीवी मात्र टणक कवचात बसून क्लोरिनला दाद देत नाही. त्याच्यावर अतिनील किरण, म्हणजे यूव्ही. त्याने परजीवीचा डीएनए बिघडतो आणि पोटात गेला तरी त्याची पैदास होत नाही. गंमत म्हणजे 1990च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जाणकारही इथे यूव्ही कुचकामी समजत. पण गढूळ पाण्यात कणांच्या आडोशाला जंतू यूव्हीपासूनही वाचतात. म्हणून आधी गाळणी: वाळूची, नाहीतर 0.01 ते 0.1 मायक्रॉन छिद्रांची अल्ट्राफिल्ट्रेशनची. यूव्हीचा असर पुढे नळवाहिनीत टिकत नाही, तेव्हा शेवटी क्लोरिन आलंच. नळाशी लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम. आरओ हा मुळात क्षारांवरचा इलाज. नुसत्या जंतूंपायी इतकं पाणी वाया घालवणं मला पटत नाही.

कराडला चिकटलेल्या मलकापूरने नगरपंचायत असताना मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं. कौतुक झालं ते मुख्यतः बचतीचं. खरं तर वाहिनीत सतत दाब राहणं हीही शुद्धतेचीच तजवीज. पुरवठा थांबला की दाब जातो आणि गळक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं.

यूव्हीचा दिवा विजेवर चालतो, आणि कृष्णाकाठी 2019 सारखा पूर आला की वीज जाते. जनित्र आणि टीसीएलचा साठा पूररेषेच्या वर ठेवायचा, हे योजनेच्या आराखड्यातच लिहिलेलं बरं.