मुरुमांवरील गोळ्या : सावधगिरी आवश्यक

सातपुड्याच्या कुशीतील अक्कलकुवा तालुक्यास 'अ' जीवनसत्त्व परिचयाचे आहे. ९ महिने ते ५ वर्षे वयाच्या बालकांना ठरावीक अंतराने दिली जाणारी त्याची मात्रा दृष्टीचे रक्षण करते. त्याच कुळातील आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या तीव्र मुरुमांवर गुणकारी ठरतात. परंतु गर्भवतीने त्या घेतल्यास बाळात गंभीर जन्मजात व्यंगे निर्माण होऊ शकतात. म्हणून स्त्रियांनी उपचार चालू असताना व त्यानंतर १ महिना गर्भधारणा टाळणे अनिवार्य आहे. या काळात कोणीही रक्तदान करू नये. सोरायसिसवरील ॲसिट्रेटिनसाठी ही मुदत ३ वर्षांची आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून या गोळ्या घेऊ नयेत, दुसऱ्यास देऊ नयेत, हे शिक्षक व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत समजावून सांगावे. मात्र या भीतीपोटी बालकांची मात्रा चुकवू नये.