फेसाळ पाण्यातला तराफा

ऐन पावसाळ्यात मेळघाटात सेमाडोहजवळ उभे राहा. सागाच्या रानातून सिपना नदीचा आवाज ती दिसण्याआधीच कानी येतो. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. खडकांवर आपटून पांढरीशुभ्र झालेली ही नदी, आणि अकोला जिल्ह्यातल्या काळ्या मातीच्या सपाटीवरून गढूळ, मुकाट वाहणारी पूर्णा! पाऊस दोघींनाही मिळतो. मग फेस एकीलाच का?

समजा, नदीचे पात्र २० मीटर रुंद व १ मीटर खोल आहे आणि पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने जात आहे. म्हणजे दर सेकंदाला २० घनमीटर पाणी पुढे सरकते. आता दोन खडकांमध्ये पात्र ५ मीटरच उरले आणि खोली तेवढीच राहिली, तर तेवढेच पाणी जाण्यासाठी वेग चौपट व्हायला हवा. वेग चौपट झाला की वाटेतल्या वस्तूवर पडणारा रेटा मात्र सोळापट होतो. तीव्र उतार, अरुंद पात्र आणि खडक एकत्र आले की पाणी उसळते, हवा आत ओढते आणि असंख्य बुडबुडे तयार होतात. हे बुडबुडे प्रकाशातले सर्व रंग सारखेच विखुरतात, म्हणून पाणी पांढरे दिसते.

हा फेस सुंदर खरा, पण फसवाही आहे. एक लिटर फेसाळ पाण्यात ३०० मिलिलिटर हवा असेल, तर त्याचे वजन उरते सुमारे ७०० ग्रॅम. द्रव हलका झाला की वस्तूला वर उचलून धरण्याची त्याची शक्तीही घटते. संथ डोहात सहज तरंगणारा पोहणारा इथे खाली जातो. म्हणूनच अशा पाण्यात उतरणारा प्रत्येक जण, मग तो कितीही पटाईत असो, तरंगते जाकीट घालतो.

अशा पाण्यातून हवा भरलेल्या रबरी तराफ्यात बसून, वाटाड्याच्या हुकमानुसार वल्ही मारत जाण्याच्या खेळाला ‘राफ्टिंग’ म्हणतात. सिपनेवर तो का रुजू नये? एक तर हे रान वाघांसाठी राखलेले. शिवाय डोंगरउतारावरचे पाणी झपाट्याने नदीत येते आणि तसेच निघून जाते. सकाळचा पूर संध्याकाळी ओसरू शकतो. वाटाड्याला असा लहरी प्रवाह चालत नाही, त्याला अंदाज करता येईल असे पाणी लागते.

ते मिळते रायगड जिल्ह्यात, कोलाडजवळच्या कुंडलिका नदीत. त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. हे पाणी मुळात कुंडलिकेचे नव्हेच! मुळशी धरणात अडवलेले मुळा नदीचे पाणी सह्याद्रीवरून नळांतून खाली भिरा येथील वीजकेंद्रात सोडले जाते. हे केंद्र १९२७ साली सुरू झाले. या धरणाखाली गावे बुडाली आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. एरवी बंगालच्या उपसागराकडे गेले असते ते पाणी विजेची चाके फिरवून अरबी समुद्राकडे निघते आणि वाटेत तराफे वाहून नेते. पाणी सुटले नाही, तर त्या दिवशी सफर नाही.

तराफ्यात हवेचे अनेक स्वतंत्र कप्पे असतात. एक फुटला तरी बाकीचे तारतात. वाटाडा मागे बसतो आणि पाणी वाचतो. दोन खडकांमधून गुळगुळीत पाण्याची जीभ निघून खालच्या बाजूला निमुळती होत गेली, तर ती वाट मोकळी. टोक वरच्या बाजूला असेल, तर टोकाशी खडक दडलेला समजावा. मोठ्या खडकाच्या मागे पाणी उलटे फिरते. तिथे तराफा विसावतो. पडलाच तर उताणे व्हायचे, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवायचे आणि तळाला पाय टेकू द्यायचे नाहीत. पाऊल दगडांत अडकले, तर मागचे पाणी माणसाला पालथा पाडून दाबून धरते.

पण वाटाड्याला सर्वांत मोठी धास्ती कशाची, हे सांगितले तर नवल वाटेल. खडकांची नव्हे, सरळसोट बंधाऱ्याची! बंधाऱ्यावरून पडणारे पाणी तळाला जाते आणि वरच्या थरातले पाणी मागे, भिंतीकडे वळते. पाण्याचा जणू आडवा रहाटच फिरू लागतो. त्यात सापडलेला ओंडका भिंतीशी येतो, बुडतो, वर येतो आणि पुन्हा भिंतीशी ओढला जातो. नैसर्गिक धबधब्याखालच्या अशा खळग्याला बहुधा एखाद्या बाजूने वाट असते. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सारखाच, म्हणून निसटायला फटच नाही. पुरात भरून वाहणारा रपटाही असाच. वरून पाहावे, तर पांढरी शिस्तशीर रेघ. भीती वाटावी असे तिच्यात काहीच दिसत नाही.

आपल्या वऱ्हाडात फेसाळ पाण्याचा खेळ नाही. पण बंधारे आणि रपटे गावोगाव आहेत. संथ दिसणारी नदीही घात करू शकते. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात, वरूड तालुक्यातल्या झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण मृत्युमुखी पडले.

बुडणाऱ्यामागे वाटाडा सहसा उडी घेत नाही. तो आधी वल्हे पुढे करतो. ते पोचत नसेल, तर लहान पिशवीत भरलेला दोर फेकतो. पिशवी पुढे जाते तसा दोर आपोआप सुटत जातो. हा दोर नायलॉनचा नसतो, कारण नायलॉन पाण्याहून जड, तो बुडतो. पॉलिप्रोपिलीनची घनता पाण्याच्या नऊ दशांश. त्याचा दोर तरंगतो आणि गटांगळ्या खाणाऱ्याच्या हाताला लागतो.