टर्बो गेला, की सेन्सरची वायर?

संगमनेरहून माल भरून पुण्याकडे निघालेली डिझेल पिकअप चंदनापुरीच्या चढाला एकदम दम टाकते. चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गॅरेजवाला सांगून मोकळा होतो, "टर्बो गेला!" मालकाच्या खिशाला मोठी कात्री. पण कधी कधी टर्बो ठणठणीत असतो आणि दुखणं असतं बूस्ट प्रेशर सेन्सरच्या वायरींत.

टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब हा सेन्सर मोजतो व व्होल्टेजच्या रूपात ईसीयूला कळवतो. त्याच्या मुख्य वायरी तीन : ५ व्होल्टचा रेफरन्स, अर्थ आणि सिग्नल. चौथी असलीच तर ती हवेच्या तापमानाची. निरोप चुकीचा आला की ईसीयू सावधगिरी म्हणून डिझेल कमी करतो. म्हणून गाडी ओढत नाही.

पहिलं काम, स्कॅनर लावा. पी ०२३७ म्हणजे सिग्नल फार कमी, पी ०२३८ म्हणजे फार जास्त. हे दोन्ही सर्किटचे कोड. पी ०२९९ मात्र प्रत्यक्ष दाब कमी पडल्याचा. तिथे आधी होजपाइप, क्लिपा, अ‍ॅक्च्युएटर तपासायचे.

दुसरं, इग्निशन चालू आणि इंजिन बंद ठेवून दाबाचं रीडिंग बघा. इंजिन बंद असताना सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. पुस्तकातला १०१ किलोपास्कल हा आकडा समुद्रसपाटीचा. आपलं अहिल्यानगर सुमारे ६५० मीटर उंचीवर, म्हणून इथे साधारण ९४ येईल. ९४ दिसलं म्हणून सेन्सर बदलू नका! रीडिंग अगदी तळाला किंवा टोकाला चिकटलं असेल तरच सर्किटवर संशय घ्या.

तिसरं, कनेक्टर काढून मल्टिमीटर लावा. रेफरन्स आणि अर्थ यांच्यात ५ व्होल्ट हवेत. कनेक्टर लावल्यावर ते पडत असतील आणि काढल्यावर परत येत असतील, तर सेन्सर आतून शॉर्ट आहे. काढूनही येत नसतील, तर वायर तुटली आहे, किंवा त्याच लाइनवरचा दुसरा एखादा सेन्सर ती खाली ओढतोय. अर्थही तपासा.

चौथं, रेफरन्स ठीक असेल आणि कोड पी ०२३७ असेल, तर फ्यूज असलेल्या जंपरने रेफरन्स व सिग्नल क्षणभर जोडा. स्कॅनरवर रीडिंग टोकाला गेलं, तर वायर आणि ईसीयू दोन्ही ठीक, दोष सेन्सरचा. हललंच नाही, तर सिग्नलची वायर तपासा. बॅटरीचे १२ व्होल्ट इथे चुकूनही देऊ नका, ईसीयू जळेल.

शेवटी वायरिंग हाताने हलवून बघा. घासलेलं इन्सुलेशन, हिरवी पडलेली पिन, कनेक्टरात शिरलेलं तेल किंवा पाणी, हे नुसत्या डोळ्यांनीही सापडतं.

आपल्या गावात व्हीआरडीईसारखी वाहन संशोधन संस्था आहे, पण शेतकऱ्याची पिकअप येते ती रस्त्याकडेच्या गॅरेजात. तिथे मल्टिमीटर आणि पंधरा मिनिटांचा धीर एवढं भांडवल पुरतं. पार्ट बदलून बघणं म्हणजे निदान नव्हे. बिल दुसऱ्याच्या खिशातून जातं, एवढंच!