जुन्नर-आंबेगावचा इतिहास कुठे सापडतो?

जुन्नर-आंबेगावचा इतिहास शिवनेरीपुरता मर्यादित नाही. 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचे काम भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे यांनी ओतूर परिसरात रुजवले. 1880 च्या दशकात जुन्नरच्या कुळांनी सावकारांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. सावकारांविरुद्ध बंड करणारे जांभोरीचे होनाजी केंगले 1876 मध्ये पकडले गेले. महाळुंगे पडवळचे बाबू गेनू 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत परदेशी कापडाची मालमोटार अडवताना हुतात्मा झाले.

या इतिहासाचे कागद एका जागी नाहीत. पेशवेकालीन मोडी दप्तरे पुणे पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दप्तरात आहेत. इंग्रजी अमदानीतला सरकारी पत्रव्यवहार मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात पाहावा. होनाजींच्या बंडाची नोंद 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये मिळते. पण ती सरकारी बाजू आहे. रयतेची बाजू ‘दीनबंधू’सारख्या वृत्तपत्रांत आणि घराघरांतल्या कागदांत शोधावी लागते.

म्हणून आजोबांची पत्रे, कर्जरोखे, सभांची हस्तपत्रके रद्दीत देऊ नका. त्यांवर गाव, नाव, साल नोंदवलेली चिठ्ठी जोडा, छायाचित्रे काढा आणि जवळच्या ग्रंथालयाला किंवा अभ्यासकाला दाखवा.