पाटा वाढला, ब्रेक तेवढेच
लेखमाला : मालवाहू गाडी, घेण्यापासून जपण्यापर्यंत. लेखांक ५

नवी डिझेल पिकअप शोरूममधून बाहेर पडली की सातारा-सांगली पट्ट्यात ती आधी देवळासमोर उभी राहते आणि मग पुष्कळदा थेट पाटेवाल्याकडे जाते. मागच्या बाजूला स्प्रिंगचे एक-दोन जादा पाटे चढवून घेतले की भरलेली गाडी बसत नाही, असं सांगितलं जातं. ते खरंही आहे. गाडी खरोखरच बसत नाही. मात्र नव्या गाडीवरचा हा पहिलाच खर्च चुकीच्या जागी होतो, असं माझं मत आहे आणि या लेखात तेच मांडायचं आहे. पाटा वजन तोलून धरतो, ते वजन थांबवण्याचं काम तो करत नाही. आणि आपल्या दोन जिल्ह्यांत वजन उचलण्यापेक्षा ते थांबवणं जास्त अवघड आहे. जो पैसा पाट्यांवर, मॅपिंगवर आणि मोकळ्या सायलेन्सरवर जातो, तोच ब्रेक, ऑइल आणि फिल्टरकडे वळवला, तर गाडी जास्त वर्षं जास्त माल वाहील.

थांबवण्याचा प्रश्न आपल्याकडे इतका मोठा का, हे आधी पाहू. मैदानी मुलखातली पिकअप सपाटीवर माल नेते. आपल्याकडे मालाची वाट बऱ्याचदा उताराची असते. भिलार, पाचगणी, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी भरलेल्या गाडीतून पसरणीचा घाट उतरते. कराड-पाटणचा भाजीपाला कुंभार्लीचा घाट उतरून चिपळूणला जातो. वाई आणि पाचगणी यांच्या उंचीत साधारण ६०० मीटरचा फरक आहे. साडेतीन टन वजनाची भरलेली गाडी एवढी खाली उतरते, तेव्हा तिच्यातली सुमारे २ कोटी ज्यूल ऊर्जा कुठे तरी जिरावी लागते. साठ लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ही ऊर्जा आहे. काही भाग टायरचं घर्षण आणि वारा खातात, गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर काही भाग इंजिन खातं. उरलेली सगळी ऊर्जा पुढच्या डिस्कमध्ये आणि मागच्या ड्रममध्ये उष्णता होऊन शिरते. आता त्याच गाडीत एक टन जादा घाला. उष्णता जवळपास ऐंशी लिटर पाण्याएवढी होते. डिस्क आणि ड्रम मात्र तेवढेच राहतात, कारण पाटेवाल्याने त्यांना हातही लावलेला नसतो.

कंपनी गाडीच्या कागदावर जो भार लिहिते, तो एकट्या पाट्यांचा नसतो. मागचा अ‍ॅक्सल, चाकाचे बेअरिंग, टायर, चासी, क्लच, ब्रेक या सगळ्यांनी मिळून कबूल केलेला तो आकडा असतो आणि त्यातला सर्वांत कमजोर घटक तो ठरवतो. एकाच नावाची पिकअप सव्वा टनापासून दोन टनांपर्यंत वेगवेगळ्या भारक्षमतेत विकली जाते, हे बोलेरोच्या उदाहरणावरून सर्वांना माहीत आहे. त्यावरून कोणी म्हणेल, गाडी तर तीच, मग पाटे टाकून लहान भाराची मोठ्या भाराची का करू नये? कारण बाहेरून दिसणारं तोंड आणि हौदा सारखा असला, तरी भार वाढवताना कंपनीला पाट्यांबरोबर टायर, अ‍ॅक्सल आणि ब्रेक यांचाही हिशेब पुन्हा करावा लागतो. भारक्षमता वाढवायची योग्य वेळ गाडी बुक करताना असते. दोन मॉडेलमधला फरक तेव्हा थोडा जड वाटला, तरी हप्त्यात विभागून जातो. गाडी दारात आल्यावर पाट्यांनी तो फरक भरून निघत नाही.

पाटे वाढवल्याने ब्रेक तेवढेच राहतात, एवढ्यावर हे थांबत नाही. काही गाड्यांत ते बिघडतातही. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याचा दांडा चासी आणि अ‍ॅक्सल यांच्यातलं अंतर मोजत असतो. गाडी रिकामी असली की मागची बाजू उंच राहते. मग हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जाणारा दाब कमी करतो, म्हणजे हलकी मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरत नाही. माल भरला की मागची बाजू खाली बसते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला पूर्ण दाब सोडतो. या यंत्रणेला वजन कळत नाही, तिला फक्त उंची कळते. जादा पाटे टाकले की दोन टन भरूनही मागची बाजू उंचच राहते, व्हॉल्व्हच्या दृष्टीने गाडी अर्धी रिकामी असते, आणि ऐन भरल्या गाडीत मागचे ब्रेक आखडता हात घेतात. सगळा ताण पुढच्या डिस्कवर येतो. यावर मिस्त्री दांडा हलवून अंदाजाने जुळवून देतात. पण मग परतीच्या रिकाम्या फेरीत, पहिल्या पावसाच्या निसरड्या रस्त्यावर, मागची चाकं लॉक व्हायची भीती राहते. ज्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते, तिथे हा दोष टळतो, ड्रमच्या आकाराचा प्रश्न मात्र तसाच उरतो. पाटे टाकून घेणाऱ्या मालकाला हा व्हॉल्व्ह कुणी दाखवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. खाली वाकून पाहिलं तर तो दिसतो.

बेअरिंगचं गणित याहून सरळ आहे. रोलर बेअरिंगचं आयुष्य मोजायचं जे सूत्र कंपन्या वापरतात, त्यात भार वाढला की आयुष्य त्याच्या तिसऱ्याहून थोड्या वरच्या घाताने घटतं. चाकावरचा भार सव्वापट झाला, तर बेअरिंगचं आयुष्य निम्म्याहून कमी होतं. पंचवीस टक्के जादा भार वाहताना मागच्या चाकांच्या बेअरिंगचं निम्मं आयुष्य आपण आगाऊ खर्च करतो, आणि तो खर्च दोन वर्षांनी समोर आल्यामुळे त्याचा संबंध पाट्याशी कुणी जोडत नाही.

‘सगळ्यांनी पाटे टाकलेत, कुणाला काय झालं?’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्यात अनुभवाचं वजन आहे, हे मान्य करायला हवं. गाड्या खरोखरच वर्षानुवर्षं चालतात. कारण प्रत्येक भागात कंपनीने थोडी गुंजाइश ठेवलेली असते आणि रोजच्या फेरीत ती पुरते. पण ती गुंजाइश ठेवलेली असते वाईट दिवसासाठी. समोर अचानक बैलगाडी येणं, घाटात पुढच्या ट्रकने ब्रेक मारणं, ब्रेक ऑइल जुनं झालेलं असताना लांब उतार लागणं, हे सगळे तसले दिवस. रोजच्या फेरीतच ती वापरून टाकली, तर त्या दिवशी हाताशी काही राहत नाही. रोज काही होत नाही, यावरून त्या दिवशीही होणार नाही, असं अनुमान काढता येत नाही.

दुसरा आक्षेप रस्त्यांचा. जत, आटपाडी, माण, खटावच्या वाड्यावस्त्यांवरचे रस्ते, द्राक्षबागेतल्या कच्च्या वाटा, उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेले साखर कारखान्यांचे रस्ते. यात कंपनीचे पाटे टिकत नाहीत, गाडी आपटते, असं म्हणतात. आपटते हे खरं, पण का आपटते ते पाहिलं पाहिजे. ठरलेला भार घेऊन गाडी टेकत असेल, तर पाटा थकला आहे किंवा तुटला आहे. तो तशाच पाट्याने बदलावा, त्याला माझी हरकत नाही. पण बहुतेक वेळा भारच ठरल्याहून जास्त असतो आणि मालकाला तो जास्त वाटत नसतो, कारण त्याने फक्त माल मोजलेला असतो. द्राक्षाच्या एका क्रेटमध्ये २० किलो माल धरला, तर दीड टनाला ७५ क्रेट लागतात. रिकाम्या क्रेटचं वजन दीड-दोन किलो धरलं, तरी शंभर ते दीडशे किलो त्यातच गेले. वर गाडी घेतल्यावर बसवलेला लोखंडी अँगलचा सांगाडा, जाळी, जाड पत्र्याचा तळ, स्टेपनीशिवायचं एक जादा टायर, ताडपत्री, दोर, आणि क्लीनर. हे सगळं गाडीच्या भारक्षमतेतून वजा होतं. म्हणून नव्या गाडीची पहिली खरी सुधारणा मी वजनकाट्यावर सुरू करायला सांगेन. आपल्याकडे साखर कारखाने आणि बाजार समित्यांमुळे काटा दूर नाही. हौद्याचं काम पूर्ण झालं की डिझेलची टाकी भरून, क्लीनरसह गाडी काट्यावर घालावी आणि आलेला आकडा आरसीवरच्या भरलेल्या वजनातून वजा करावा. उरेल तेवढाच आपला माल. तासगावचा बेदाणा असो की सांगलीच्या यार्डातली हळद, दोन्ही थोड्या जागेत खूप वजन देणारे माल आहेत. हौदा अर्धा दिसतो आणि गाडी भरलेली असते. पालेभाजीचं उलट असतं. हौद्याच्या उंचीवरून भाराचा अंदाज करणाऱ्याला हा फरक महागात पडतो.

तिसरा आक्षेप खरा जड आहे. तो पोटाचा आहे. भाडं फेरीला ठरतं, किलोला नाही. व्यापारी म्हणतो, सगळा माल एका फेरीत न्या. नाही म्हटलं तर दुसरी गाडी उभीच असते. बँकेचा हप्ता महिन्याला चुकत नाही. या दडपणाखाली जादा भरणाऱ्या मालकाला मी बेजबाबदार म्हणणार नाही. पण याच ठिकाणी कायद्याचा हिशेबही मांडला पाहिजे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी पुढे जाऊ द्यायची नाही अशी तरतूद आहे. उन्हात रस्त्याकडेला उतरवलेल्या स्ट्रॉबेरीचं काय होतं, हे दंडाच्या पावतीवर लिहिलेलं नसतं. कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणाऱ्या बदलांना कलम ५२ ने मनाई केलेली आहे आणि १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीला वाद घालायला जागा मिळते ती वेगळीच. यावरची वाट एकट्या मालकाच्या हातात नाही, हे मला मान्य आहे. तरीही एका बागेचा, एका शेडचा माल वाहणाऱ्या चार-पाच गाडीवाल्यांनी मिळून क्रेटवर भाडं मागायला सुरुवात केली, तर जादा भरण्याचं कारणच निम्मं संपतं. हंगामात गाड्या कमी आणि माल जास्त असतो, तेव्हा हे बोलणं शक्य असतं.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथेही चूक त्याच जातीची आहे. कॉम्प्युटर लावून मॅपिंग केलं की ओढ वाढते. पण क्लच प्लेट, टर्बो आणि गिअरबॉक्स जुन्या ओढीसाठीच बनवलेले असतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हा बीएस-४ वरून मधला टप्पा वगळून उडी घेतली गेली आणि डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आणलं गेलं. त्याबरोबर सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर आला. ही काजळी जाळायला धूर चांगला तापावा लागतो, सहाशे अंशांच्या आसपास. दूध गोळा करणाऱ्या गाडीची फेरी दर अर्ध्या किलोमीटरला थांबणारी असते. भिलवडी, फलटण, इस्लामपूरच्या दूधपट्ट्यात अशा किती तरी गाड्या आहेत. त्यांचा धूर तेवढा तापतच नाही. फिल्टर भरतो, दिवा लागतो, आणि कुणी तरी फिल्टर काढून टाकायला सुचवतं. तो काढणं बेकायदा आहेच, शिवाय गरजही नसते. आठवड्यातून एक-दोनदा गाडी हायवेला काढून वीस-पंचवीस मिनिटं एकसारख्या वेगाने चालवली, तर बहुतेक वेळा फिल्टर स्वतःला साफ करतो. साफसफाई सुरू असताना इंजिन बंद करू नये. वारंवार अर्धवट राहिली तर न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर ते ऑइल लगेच बदलायचं लक्षण आहे. ऑइल घेतानाही पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचं, कमी राख सोडणारंच घ्यावं. काजळी जळते, राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते.

आता पाट्यांचे वाचलेले पैसे कुठे घालावेत? सर्वांत आधी ब्रेक ऑइलमध्ये. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शिरल्यावर तीच मर्यादा १४० पर्यंत उतरते. डॉट-४ मध्ये २३० ची १५५ होते. घाटात तापलेल्या ब्रेकमध्ये हे ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जातं. दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदलायला एका पाट्याहून कमी खर्च येतो. घाटातल्या गाड्यांनी ते पावसाळा संपल्यावर बदलावं. उतरताना गाडी त्याच गिअरमध्ये ठेवावी, ज्यात ती चढली असती. ब्रेकवर सतत पाय ठेवण्याऐवजी दाबून सोडावा. त्यानंतर एअर फिल्टर. माण-खटाव आणि जतच्या धुळीत पुस्तिकेतलं किलोमीटरचं अंतर पुरत नाही, फिल्टर त्याआधीच बदलावा. हवेच्या जोरदार झोताने कागदी फिल्टर साफ करण्याची सवय मोडावी, कागदाला बारीक भोकं पडली की धूळ थेट टर्बोत जाते. डिझेल फिल्टरच्या तळाशी साठलेलं पाणी पावसाळ्यात नियमित काढावं. माल भरताना जड क्रेट मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे रचू नयेत. त्याने पुढची चाकं हलकी होतात आणि वळणावर स्टिअरिंग ऐकत नाही. आणि काही जादा बसवायचंच असेल, तर चांगले आरसे, मागचा उजळ दिवा, हौद्याला चमकपट्ट्या आणि माल नीट आवळणारे पट्टे बसवावेत.

टायरचा विषय इथे मुद्दाम टाळला आहे. हवेचा दाब, भाराचा निर्देशांक आणि रिमोल्डचा व्यवहार यांना एक पूर्ण लेख लागेल. तो पुढच्या आठवड्यात.