समोरच्याने रेज केलं, आता?

तुमच्या हातात बदामचा राजा आणि बदामची दश्शी. टेबलावर चार पत्ते उघडे आहेत: बदामचा एक्का, बदामची चौकी, किलवरची नव्वी, चौकटची तिर्री. शेवटचं एकच पान उघडायचं राहिलंय. ते बदाम आलं तर तुमचा फ्लश, तोही सगळ्यात मोठा. पॉटमध्ये २०० चिप्स होत्या, तुम्ही जोशात १०० लावल्या. समोरच्याने शांतपणे ३०० केल्या आणि खुर्चीला टेकून बसला.

या क्षणी बहुतेक जण समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतात. घाम आलाय का, हात थरथरतोय का वगैरे. सिनेमांनी लावलेली सवय, दुसरं काय! आधी बघायचं ते पॉटकडे. आता त्यात २०० अधिक तुमच्या १०० अधिक त्याच्या ३००, म्हणजे ६०० चिप्स आहेत. खेळात राहायला तुम्हाला आणखी २०० द्यायच्या आहेत. म्हणजे ८०० च्या पॉटमध्ये तुमचा नवा वाटा २००, पाव हिस्सा. चार वेळांतून किमान एकदा जिंकणार असाल तरच हा सौदा परवडतो. पोकरच्या भाषेत हे पॉट ऑड्स.

आता दुसरी बाजू. तेरा बदामांपैकी चार तुम्हाला दिसतायत, उरले नऊ. न दिसलेले पत्ते ४६. सेहेचाळीसात नऊ म्हणजे वीस टक्क्यांच्या किंचित खाली. हवेत पंचवीस, आहेत वीस. टेबलावर बसून भागाकार जमत नसेल तर सोपी युक्ती आहे: एक पान यायचं असेल तर उपयोगी पत्त्यांना दोनने गुणा, दोन यायची असतील तर चारने. नऊ दुणे अठरा, उत्तर जवळपास तेच. फक्त चारचा गुणाकार जपून वापरा. मधल्या पानावर पुन्हा पैसे मागितले गेले तर तो हिशोब कोसळतो.

मग पत्ते टाकायचे? थांबा. बदाम आल्यावर समोरचा आणखी किती देईल, हा प्रश्न उरतोच. ४६ पैकी ३७ वेळा तुमचे २०० बुडणार, म्हणजे ७४००. ते नऊ विजयांत भरून काढायचे तर प्रत्येक विजयात साधारण ८२२ मिळायला हवेत. ६०० पॉटमध्ये आहेतच, म्हणजे शेवटच्या फेरीत सरासरी सव्वादोनशेच्या आसपास आणखी काढता आले पाहिजेत. त्याच्याकडे मागे ५० चिप्सच उरल्या असतील तर विषय संपला, पत्ते ठेवा. हजार उरल्या असतील आणि तो सहज पत्ते टाकणारा नसेल, तर कॉल शहाणपणाचा ठरू शकतो.

या सगळ्यात तुम्ही आधी लावलेल्या १०० चा विचार कुठेच आला नाही, लक्षात आलं का? ‘एवढे घातलेत, आता कसं सोडू’ हे वाक्य पोकरमध्ये सगळ्यात महाग पडतं. त्या १०० तुमच्या राहिलेल्याच नाहीत, त्या पॉटच्या आहेत.

आपल्याकडे पत्त्यांची ओळख बहुतेकांना दिवाळीतल्या तीन पत्तीने होते आणि तिथली सवय इथे नडते. तीन पत्तीत मध्ये नवं पान येत नाही, त्यामुळे सगळा खेळ ‘चाल’ देत टिकून राहण्याचा. तोच हात पोकरला बसला की रेज आल्यावर नुसता कॉल करत राहतो. कॉल म्हणजे ना सोडणं ना भिडणं, म्हणून तो सोपा वाटतो. खरं तर तुमच्याकडे तिसरा रस्ताही असतो: उलट रेज. त्यात दोन प्रकारे जिंकता येतं, पान लागून किंवा समोरच्याने सोडून.

रेज कुठल्या खुर्चीतून आलं हेही बघा. सगळ्यात आधी बोलणाऱ्याने रेज केलं तर त्याच्या मागे अख्खं टेबल शिल्लक असतं, हे माहीत असून तो पुढे आलाय. शेवटी बोलणारा मात्र सगळे गप्प बसलेत हे बघून काहीही घेऊन रेज करतो. तुमच्या हातातला एक्का-गुलाम दुसऱ्यासमोर ठणठणीत, पहिल्यासमोर धोक्याचा. त्याच्याकडे एक्का-राजा निघाला तर तुम्ही चारातून जेमतेम एकदा वाचता.

२००३ ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर बघा. लास व्हेगास, शेवटचे दोघे: मुरलेला खेळाडू सॅम फारा आणि टेनेसीचा २७ वर्षांचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर (आडनाव खरंच हेच!). शंभर डॉलरपेक्षा कमी खर्चाच्या ऑनलाइन स्पर्धेतून तो इथवर आला होता. एका डावात चौथ्या पानावर फाराने तीन लाख चिप्स लावल्या, मनीमेकरने आठ लाख केल्या. फाराकडे नव्व्यांची जोडी, वर इस्पिकच्या राणीमुळे फ्लशची आशा. त्याने कॉल केला, आणि तो कॉल योग्यच होता. शेवटचं पान बदामची तिर्री, कुणालाच उपयोग नाही. मनीमेकरने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. हातात काय? राजा आणि सत्ती, साधी जोडीसुद्धा नाही. फाराने त्याला फ्लश हुकला का असं विचारलंसुद्धा, अंदाज अगदी बरोबर होता. आणि तरीही बराच विचार करून पत्ते टाकले.

स्पर्धा मनीमेकरने जिंकली, २५ लाख डॉलर. ‘फारा घाबरला’ म्हणणं आज सोपं आहे, कारण आपल्याला दोघांचे पत्ते दिसतात. त्याला दिसत होते ते स्वतःचे दोन, टेबलावरचे पाच आणि त्यात तीन इस्पिक.

आणि हो, हे सगळं करून बघायला पैसे लागत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या केंद्राच्या कायद्याने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच आणली आहे, त्यामुळे त्यासाठी कुणी ॲपची लिंक पाठवली किंवा यूपीआयवर ‘पाचशे टाक, उद्या देतो’ म्हणालं तर तो डाव बसण्याआधीच सोडा. हॉस्टेलच्या खोलीत पत्त्यांचा एक जोड आणि वाटीभर शेंगदाणे घ्या. प्रत्येकाला पन्नास-पन्नास, आणि संपले की नवे मिळणार नाहीत, हे आधी ठरवा. नाहीतर कुणीच पत्ते टाकत नाही. रेज आलं की उत्तर देण्याआधी पॉटमधले दाणे मोठ्याने मोजा. मधेच दाणे खाणाऱ्यावर लक्ष ठेवा, त्याने हिशोब चुकतो.