सरकीतील ‘एडेस्टिन’

मानवतच्या बाजारपेठेत येणाऱ्या कापसाची रुई निघाली म्हणजे सरकी उरते; तिचे तेल गाळल्यावर राहणारी पेंड दुभत्या जनावरांच्या वाट्यास जाते. या पेंडीतील प्रथिनांविषयीचे जुने वाङ्मय चाळणाऱ्या अभ्यासकास ‘एडेस्टिन’ हे नाव आढळते. हल्लीच्या ग्रंथांत मात्र सरकीच्या संदर्भात ते दिसत नाही. मग ते प्रथिन गेले कोठे?

अमेरिकेतील कनेटिकट कृषी प्रयोगकेंद्रात टॉमस ऑस्बर्न यांनी वनस्पतिबीजांतील प्रथिनांचे वर्गीकरण मुख्यतः विद्राव्यतेवरून केले. 1894 साली त्यांनी व व्हूरहीस यांनी सरकीच्या ‘प्रोटीडां’चे पृथक्करण प्रसिद्ध केले. (‘प्रोटीड’ ही संज्ञाही 1907-08 मध्ये इंग्लिश व अमेरिकन समित्यांनी त्याज्य ठरविली, तिच्याविषयी हळहळण्याचे कारण नाही.) सरकीच्या पिठातील एक ग्लोब्युलिन मिठाच्या पाण्यात विरघळे आणि अपोहनाने मीठ काढून टाकताच खाली बसे. त्याचे मूलद्रव्यीय प्रमाण भांगेच्या बियांतील स्फटिकरूप ग्लोब्युलिनाशी जुळले. दोहोंतही नायट्रोजन शेकडा 18 ते 19 च्या आसपास. म्हणून ‘खाण्याजोगे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून बनविलेले एकच नाव दोहोंस मिळाले.

हा निष्कर्ष त्या काळी अवाजवी नव्हता. परंतु कार्बन, नायट्रोजन व गंधक यांचे शेकडा प्रमाण सारखे असूनही अमिनो अम्लांची मांडणी सर्वस्वी वेगळी असू शकते, आणि ती पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते. पुढे स्वतः ऑस्बर्न यांनीच हे नाव भांगेच्या प्रथिनापुरते मर्यादित केले. अतिवेगी अपकेंद्रित्राच्या साहाय्याने अवसादनाचे मापन होऊ लागल्यावर बीजांतील ग्लोब्युलिनांचे 11 एस आणि 7 एस असे दोन प्रमुख गट स्पष्ट झाले. भांगेचे एडेस्टिन 11 एस गटातील असून त्याचा रेणुभार सुमारे तीन लाख आहे. सरकीत मात्र दोन्ही गटांतील प्रथिने विपुल असतात. ऑस्बर्न ज्याला एक पदार्थ समजले, ते वस्तुतः मिश्रण होते.

म्हणून जुन्या कोष्टकात ‘एडेस्टिन’ दिसल्यास ते कोणत्या बीजाचे, हे आधी पाहावे. आपल्याकडे अंबाडीलाही इंग्रजीत ‘डेक्कन हेंप’ म्हणतात. त्यामुळे तिसराच घोटाळा संभवतो. भांगेच्या प्रथिनातील लायसिनाचा आकडा सरकीच्या पेंडीस लावणे तर विशेष धोक्याचे, कारण सरकीतील गॉसिपॉल हे विषारी द्रव्य उष्णतेने लायसिनाशी बद्ध होते आणि जनावरास प्रत्यक्ष लाभणारे लायसिन पेंड किती तापविली यावर अवलंबून राहते.